यांत्रिक नौका धारक इंदूकाकी

संपादकांनी फोनवर सांगितलं, "राग थोडा बाजूला ठेव आणि अनुभव लिही." मी तीन वेळा बसले. राग बाजूला ठेवला की अनुभव शिल्लकच राहत नाही, म्हणून दोन्ही एकत्र देते. मला पत्रकं लिहायची सवय आहे. एक पान, मोठा टाइप, वर मथळा, खाली मागण्या. लेख लिहायची सवय नाही. शिवाय अशा अंकांत आपल्या कामाबद्दल लिहितात ती माणसं निवृत्त असतात, त्यांना खुर्ची, पेन्शन आणि क्षमाशील वृत्ती असते. मी अजून तिशीही गाठलेली नाही आणि यातलं माझ्याकडे काहीच नाही.

माझं काम असं. तालुक्याच्या कचेरीसमोर झेरॉक्सवाल्याच्या टपरीला चिकटून एक टेबल आहे. आमच्या संघटनेनं ते मांडलंय. बाजाराच्या दिवशी मी तिथे बसते, बाकीचे दिवस वाड्यावाड्यांतून फिरते. ज्यांचं रेशन बंद झालंय, आरोग्य कार्ड निघत नाही किंवा दवाखान्यात मंजुरी अडकलीय, ते येतात. त्यांच्या मोबाइलवर आलेला मेसेज मी वाचते आणि मराठीत सांगते. मेसेज मराठीतच असतो, तरी सांगावा लागतो. "आपली पात्रता पुनर्विलोकनाधीन आहे" याचा अर्थ तुमचे तांदूळ बंद झालेत, हे कुणाला कळणार?

बाहेरच्या माणसाला ही व्यवस्था कळावी म्हणून सांगते. दोरीवर सुकत घातलेले बोंबील बघितलेत ना? तसं आहे. रेशनकार्डाला आधार ओवलाय, आधाराला अंगठा, अंगठ्याला आरोग्य कार्ड, आरोग्य कार्डाला दवाखान्यातली मंजुरी. दोरी एका टोकाला सुटली की सगळे वाळूत. आणि सरकार दर काही महिन्यांनी दोरी बदलतं. कधी म्हणतं प्रत्येक माणसाचा अंगठा पुन्हा द्या, कधी म्हणतं चेहरा द्या, कधी उत्पन्न सांगा, कधी अपात्र शोधा. दर वेळी त्याला सुधारणा म्हणतात. सणाला रवा, साखर, तेलाची पिशवी मिळायची, ती बंद झाली. पिशव्या मात्र टिकाऊ निघाल्या. अजून बायका त्यातून सुकी मासळी नेतात. पिशवीवरचे पुढाऱ्यांचे चेहरे हसतायत, आतला रवा गेला.

गणपतीच्या दिवसांत हे काम बघायला या. मुंबईला असलेले सगळे तेव्हाच गावात सापडतात, म्हणून अंगठे तेव्हाच. दुकानात मशीनला रेंज नाही. मग दुकानदार मशीन छातीशी धरून सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या पठारावर, चढतो, कातळावर एका विशिष्ट ठिकाणी उभा राहतो, आणि मागून नवे कपडे घातलेली माणसं रांगेनं, आरती टाकून. एकदा एका आजोबांनी मला विचारलं, "बाय, ही कोणती देवी म्हणायची? दर वर्षी वर चढून अंगठा टेकावा लागतो."

एकदा वरच्या अंगाच्या गावातल्या बायका पुडी घेऊन आल्या. रेशनच्या तांदळातले वेगळे दिसणारे दाणे वेचून आणलेले. "सरकार प्लास्टिक खायला घालतंय." ते पोषणासाठी मिसळलेले दाणे होते. मी तसं सांगितलं. एकीनं पुडी माझ्यापुढे धरली, "मग खा." मी मूठभर कच्चे तांदूळ चावून खाल्ले, आठ-दहा बायका माझ्या तोंडाकडे बघत. शेवटी ती म्हणाली, "उद्या पण ये. आज मेली नाय म्हणून काय झालं." मी दुसऱ्या दिवशी गेले. तेव्हापासून त्या दाणे वेचत नाहीत. पण मला सांगा, त्यांना हे आधी सांगायचं काम कुणाचं होतं? दाणे मिसळायला यंत्रं आली, सांगायला माणूस आला नाही.

आणि एक बागायतदार. हापूसची कलमं, दोन मजली घर, अंगणात गाडी. ते त्याच गाडीतून टेबलाशी आले, आपल्या कार्डाचं आरोग्य योजनेला काही अडतं का विचारायला. मी गाडीकडे बघितलं. "ती मुलाच्या नावावर," ते म्हणाले. "कलमं?" "भावाच्या." "घर?" "वडिलांच्या नावावर आहे, ते वारले." त्यांच्या नावावर, मला वाटतं, फक्त त्यांचं नाव होतं. त्यांचं कार्ड सुरळीत चालू होतं. अजून आहे. पडताळणीत कुणी विचारलं की ते प्रत्येक प्रश्नाला "नाही" म्हणतात, आणि कागदावर ते खरंच असतं.

हे सांगितलं, कारण आता जिची गोष्ट सांगायचीय तिच्या पडताळणीत एकाच प्रश्नापुढे "हाय" पडलं होतं.

इंदूकाकी खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका वाडीत राहते. वाडीचं नाव लिहीत नाही, काकीचंही नाव मी बदललंय. पन्नाशी उलटलेली, डोक्यावर मासळीची पाटी, तोंडात तंबाखू आणि शिव्या. तिचा नवरा दत्ताराम, वाडी त्यांना तांडेल म्हणते. तांडेल म्हणजे होडीचा कारभारी, दर्यात ज्याचा शब्द शेवटचा. हल्ली त्यांना खळ्यातून, म्हणजे घरासमोरच्या अंगणातून, रस्त्यापर्यंत चालताना दोनदा बसावं लागायचं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची एक झडप आकसलीय, बदलावी लागेल. कोल्हापूरच्या रुग्णालयात तपासण्या झाल्या. योजनेतून होणार होतं. मग तिथल्या आरोग्यमित्रानं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या मुलानं, कार्ड घातलं आणि सांगितलं, "कार्ड बंद दाखवतंय. गावाकडून चालू करून आणा."

गावाकडून चालू करून आणा! जसा काही गॅसचा सिलिंडर.

काकी टेबलाशी आली तेव्हा माझ्यावरच ओरडत होती. "दोन महिने दुकानदार सांगतोय माल कमी आलाय, माल कमी आलाय. माल कमी नव्हता, मीच कमी झाले होते. आणि हा मेला सांगत नाय!"

"काकी, बसा आधी."

"बसायला आलेय काय मी? तिकडं माणूस झोपताना उशी टेकून बसतो रात्रभर, आडवा होता येत नाय त्येला."

मी तिला घेऊन पुरवठा खात्यात गेले. तिथल्या कारकुनानं नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. अपात्रतेचं कारण: यांत्रिक नौका धारक.

मी हसले. खरंच हसले. चुकून दुसऱ्या कुणाचं नाव पडलं असणार, दोन अर्जांत निस्तरेल, असं वाटलं. वळून विचारलं, "काकी, तुमच्याकडे होडी आहे?"

"हाय."

"इंजिनवाली?"

"हाय की. माझ्याच नावावर."

कारकून माझ्याकडे बघून खांदे उडवत म्हणाला, "बघा. मी काय करू?"

त्याच दुपारी मी तिच्या घरी गेले. घरासमोर वाळूत नारळीच्या झापांखाली ती होडी होती. एका बाजूच्या फळ्या गळून पडलेल्या, त्यातून पलीकडची खाडी दिसत होती. तळात कोंबडी अंड्यांवर बसली होती. इंजिन कधीचं विकलेलं. पण नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू होतं, आणि नारळी पुनवेचा सुकलेला हार.

"काकी, ही होडी नाही. ही लाकडं आहेत."

तिनं माझं मनगट धरलं. जोरात. "असं बोलायचं नाय. तिच्यासमोर तर नायच."

आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. दिवा विझवला म्हणत नाहीत. तसं त्या वाडीत होडी मोडली असं कुणी म्हणत नाही. जुनी झाली की ती "वर घेतात". वर घेतलेली होडी कुणी तोडत नाही, विकत नाही, तिचं लाकूड चुलीत घालत नाही. ती दारात उभी राहते, पुनवेला तिला नारळ मिळतो. खूपच थकली की अमावास्येच्या उधाणाला चार माणसं तिला पाण्यात ढकलतात आणि पाठ फिरवून घरी येतात. दर्यानं न्यायची. आणि जोपर्यंत ती दारात आहे तोपर्यंत कुणी विचारलं तर उत्तर एकच: होडी हाय. नाही म्हणणं म्हणजे घरातल्या आजारी माणसाला मेला म्हणण्यासारखं.

ही होडी काकीच्या सासऱ्यानं बांधून घेतली, ती लग्न होऊन आली त्या वर्षी. सुनेचा पायगुण चांगला म्हणून तिच्या नावावर केली. तीच नोंद मत्स्य खात्यात राहिली. मग पडताळणी मोहीम आली. रेशन दुकानावर टॅब घेतलेला एक मुलगा बसला, प्रश्न विचारत गेला. काकीनं मला ती मुलाखत जशीच्या तशी करून दाखवली.

"त्यानं विचारलं, फ्रीज? नाय. गाडी? नाय. टीव्ही? म्हटलं हाय, पण बंद. तो म्हणाला, मग नाय लिहितो. मग म्हणाला, होडी? मी म्हटलं हाय. तो म्हणाला, चालू हाय? आता सांग, दारात उभी असताना बंद हाय म्हणू? म्हटलं, हो बाबा, चालूच म्हणायचं."

बंद टीव्ही त्याला कळला. वर घेतलेली होडी त्याला कुणी शिकवली नव्हती. टॅबवर टिक पडली, मत्स्य खात्यातली जुनी नोंद जुळली, कार्ड बंद. कुणी येऊन बघितलं नाही. येऊन बघायला एक माणूस आणि दहा मिनिटं लागली असती. कोंबडीनंही सांगितलं असतं.

मी अपील लिहिलं. चांगलं लिहिलं, मला येतं. कारकुनानं शिक्का मारून घेतला आणि खरं तेच सांगितलं, "ताई, याला वेळ लागेल. वर जाणार, परत येणार." किती वेळ? त्यानं छताकडे बघितलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मात्र छताकडे न बघता सांगितलं होतं की फार थांबू नका. खासगीत करायचं तर वाडीतली सगळी घरं मिळूनही ते झेपणारं नव्हतं. वर्ष मासळीला वाईट होतं.

म्हणून रत्नागिरीला मत्स्य खात्यात गेलो. तिथले अधिकारी सभ्य होते. मला सभ्य अधिकाऱ्यांचा जास्त त्रास होतो. पत्रकात त्यांना काय म्हणायचं ते सुचत नाही. त्यांनी काकीला खुर्ची दिली, चहा मागवला.

"नोंदणी रद्द करायची तर नौका नष्ट झाल्याचा पंचनामा लागेल," ते म्हणाले. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला.

"होडी दिसतेय की यात."

"साहेब, तिला भोकं आहेत. आरपार."

"दिसतेय ना पण."

"ती पाण्यात जाईल का?"

"मॅडम, ती तरंगते का हे ठरवणं वेगळ्या कामात येतं. रद्द करायला मला एवढंच लागतं, आहे की नाही."

काकीनं तेव्हा चहाची बशी खाली ठेवली आणि स्वतःच विचारलं. तिच्यासाठी ते सोपं नव्हतं, मला तिच्या आवाजावरून कळलं. "साहेब, येत्या अवसेला उधाणात सोडली तर? दर्याला दिली तर चालेल?"

साहेबांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "मावशी, मग फोटो कशाचा काढायचा? वाहून गेली तर ती गेली की कुठे लपवली, कोण सांगणार? पंचनाम्याला अवशेष दिसायला हवेत."

थोडक्यात, होडी आहे तोवर ती आहे, दर्याला दिली तर पुरावा नाही. तोडलेली दिसली पाहिजे. आणि अर्जदाराच्या उपस्थितीत. या देशात गरिबानं गरीब असल्याचा पुरावा द्यायचा तो असा.

बसनं परत निघालो. भाट्येच्या पुलावर काकी म्हणाली, "आमच्या वाडीत कोण कुऱ्हाड उचलणार नाय. कोणाला सांगूही नको."

घरी तांडेलकाका उशीला टेकून बसले होते. ऐकून घेतलं. श्वास लागत होता म्हणून तुकड्यातुकड्यानं बोलले. "नको. माझं काय. आज हाय, उद्या नाय. होडी बापसाची हाय."

"काका, अहो लाकूड आहे ते," मी पुन्हा बोलून गेले.

"तुझा बापूस काय करतो?"

"मुंबईला होते. आता शेती करतात."

"त्येला सांग, घरासमोरचा देव फोड, सरकार गोळ्या देईल. बघ काय म्हणतो."

माझ्याकडे हक्कांची भाषा होती, योजनेचा नियम होता, अपिलाची प्रत होती. त्या खोलीत यातलं काही चालत नव्हतं.

मग काकी बोलली. ती चुलीपुढे पाठमोरी होती आणि वळलीही नाही. "होडी तुमच्या बापसाची. नवरा माझा हाय. आणि नाव पण माझं."

शेवटी काका म्हणाले, "नाळेला हात लावायचा नाय."

"बरं."

"मधी मार. तळाला."

"बरं म्हटलं ना. झोपा आता. म्हंजे, बसा."

ज्या सकाळी पंचनामा होता त्या सकाळी वाडी रिकामी होती. दारं लोटलेली. मला आधी वाटलं, भांडण आहे. नंतर कळलं, बघायला नको म्हणून. शेजारणीनं आदल्या संध्याकाळी काकीकडे जेवण पाठवलं होतं, जसं सुतकाच्या घरी पाठवतात तसं. खात्याचा एक तरुण निरीक्षक आला, हातात फोन, पायांत बूट. काकांची खुर्ची खळ्याच्या कडेला ठेवली होती, होडीकडे तोंड करून. मी म्हटलं, काका, आत बसा. ते म्हणाले, "तांडेल हाय मी."

काकीनं आधी कोंबडीला उठवलं, अंडी पदरात घेऊन घरात ठेवून आली. हार काढला. कुंकू पुसलं नाही. मग पदर खोचला आणि घाव घातला.

कुऱ्हाड उडून परत आली. वरच्या फळ्या पोखरल्या होत्या, पण तळाचा वासा ऐनाच्या लाकडाचा होता, वर्षानुवर्षं खारं पाणी प्यालेला. तो अजून घट्ट होता. तिनं पुन्हा मारलं. पुन्हा. निरीक्षक पुढे झाला, "मावशी, मी मारू का?" ती म्हणाली, "तू फोटो काढ." मीही पुढे गेले. माझ्याकडे तर तिनं बघितलंही नाही.

खळ्यातून काकांचा आवाज आला. तोच, मला वाटतं, दर्यातला आवाज असणार. श्वास नव्हता तरी पोचला. "डावीकडं घे गो. सांध्यावर. तिथं खिळा नाय."

तिनं डावीकडे घेतलं. लाकूड उघडलं. त्याचा आवाज मी इथे लिहीत नाही.

निरीक्षकानं फोटो काढला. फोनवर बघितलं, मग अवघडून म्हणाला, "ताई, ॲप घेत नाहीये. अर्जदाराचा चेहरा समोरून लागतो. त्यांनी पाठ केलीय."

"पाठ असू दे," मी म्हटलं. "मागे होडी दिसतेय, मोडलेली दिसतेय. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

"मला काही नको हो. ॲपला पाहिजे."

काकीनं ऐकलं. कुऱ्हाड खाली टेकवून ती वळली. डोक्यावरचा पदर नीट केला, जसा लग्नात फोटोवाला आला की बायका करतात. आणि फोनकडे बघत उभी राहिली, जोवर तो "झालं" म्हणत नाही तोवर. पहिला हलला. दुसरा घेतला.

लाकडं चुलीत गेली नाहीत. त्या अवसेला वाडीतल्या चार माणसांनी ती न सांगता पाण्यात ढकलली. नाळ अखंड होती.

त्यानंतर सगळं भराभर झालं. हीच मला सगळ्यात चीड आणणारी गोष्ट वाटते. दाखला मिळाला, नोंद रद्द झाली, पुरवठा खात्यातल्या त्याच कारकुनानं त्याच स्क्रीनवर कार्ड चालू केलं. एवढं सोपं होतं तर ते त्याला आधी का करता आलं नाही, विचारू नका. मी विचारलं. तो म्हणाला, "तेव्हा बटण येत नव्हतं." काकीचा अंगठा सड्यावर जाऊन दिला. आरोग्य कार्ड निघालं, मंजुरी आली, कोल्हापूरला झडप बदलली. काका परत आले. आडवे झोपू लागले. रस्त्यापर्यंत न बसता जाऊ लागले.

आमच्या संघटनेच्या बैठकीत याला यशस्वी प्रकरण म्हणून टाळ्या मिळाल्या. एका सहकाऱ्यानं तो फोटो मागितला. कुऱ्हाड, मोडलेली होडी, समोर बघणारी बाई. "पत्रकाच्या मथळ्याचीसुद्धा गरज नाही," तो म्हणाला. बरोबर होतं त्याचं. एरवी असा फोटो मी स्वतः मागितला असता. मी नाही म्हटलं. का ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, आणि आमचं भांडण झालं ते अजून पूर्ण मिटलेलं नाही. तो म्हणतो, मी एका बाईची लाज राखली आणि शंभर बायकांचं नुकसान केलं. असेलही.

मग परिपत्रक आलं. मला ते कुणीतरी मोबाइलवर पाठवलं. पडताळणीच्या निकषांमध्ये सुधारणा. इतर बरंच होतं आणि मध्ये एक ओळ: वापरात नसलेल्या नौकांच्या धारकांना केवळ नोंदणीच्या आधारे अपात्र ठरवू नये. सही, शिक्का. कुणी तरी वरती बसून एक ओळ घातली होती. ज्यानं पहिली ओळ घातली होती त्याच्याच शेजारच्या टेबलावर बसून असेल. पहिलीलाही सुधारणा म्हटलं होतं, हिलाही म्हटलं.

तालुक्यात अशा कितीजणी असतील ते मला माहीत नाही. पण त्या ओळीचं पत्रक मी लगेच काढलं. गुहागरपासून खाली किनाऱ्यानं जेवढ्या वाड्यांत ओळखी होत्या तिथे वाटलं. मथळा दिला: होडी तोडू नका. आतापर्यंतच्या माझ्या पत्रकांतलं सगळ्यात उपयोगी पत्रक तेच असावं. ते घेऊन मी इंदूकाकीच्या वाडीतही गेले. तिच्या घरी टाळून जाता आलं असतं. शेजारच्या दारात पत्रक द्यायचं आणि तिच्या दारावरून पुढे जायचं, हे मला जमलं नाही.

ती मागच्या पडवीत बांगडे साफ करत बसली होती. मी सांगितलं. उभ्या उभ्याच, भराभर. तिचा हात थांबला नाही. एक बांगडा झाला, दुसरा घेतला.

"म्हंजे थांबलो असतो तर?"

"थांबलो असतो तर होडी राहिली असती. काकांचं सांगता येत नाही, काकी. डॉक्टर म्हणाले होते थांबू नका."

"ते म्हणाले होते." ती पुटपुटली. मग माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे बघून म्हणाली, "ह्या वाडीत देऊ नको ते."

"काकी, पलीकडच्या घरात पण एक वर घेतलेली आहे. त्यांना कळायला हवं."

"मी सांगेन त्येंला. तोंडानं. कागद घरात आला की ह्ये वाचतात. आता दिवसभर वाचतच बसलेले असतात, दुसरं काय काम हाय." तिनं सुरी पाण्यात बुडवली. "त्येंनी मला जागा दाखवली, गो. कुठं मारायचं ती. त्येंना हे कळता कामा नये."

मी गठ्ठा पिशवीत घातला. तेवढ्यात आतून काकांचा आवाज आला, आता मोठा, धाप न लागता. "कोण आलंय गो?"

"ती तालुक्याची पोर."

"काय म्हणते?"

काकी माझ्याकडे बघत होती, त्या फोनकडे बघितलं होतं तशीच सरळ.

"काय नाय," ती आत ओरडली. "तांदूळ आलाय म्हणते."

त्या महिन्याचा तांदूळही आला नव्हता.